वाइड रिसीव्हर : आमची यादी, तुमचे आक्षेप

मागच्या अंकात आम्ही एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या इतिहासातल्या वाइड रिसीव्हरांची, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंची, क्रमवारी छापली होती : जेरी राइस, रँडी मॉस, डॉन हटसन, टेरेल ओवेन्स, लॅरी फिट्झजेराल्ड. पाचच नावं दिली की भांडण होणारच, आणि ते झालं. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे नियमित हंगामातले आणि २०२४ च्या हंगामाअखेरपर्यंतचे समजावेत.

प्रश्न : राइसला पहिला नंबर देणं ही आता सवय झाली आहे. तो वीस हंगाम खेळला म्हणून त्याचे आकडे मोठे दिसतात. शिवाय जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग असे दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे) वाट्याला आले. तेच दुसऱ्या कोणाला मिळाले असते तर? (एडिसन, न्यू जर्सी)

वीस हंगामांचा मुद्दा आधी निकालात काढू. राइसची एकूण कमाई १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि झेलांवरचे १९७ टचडाउन (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेणं). दुसऱ्या क्रमांकावरचा फिट्झजेराल्ड १७,४९२ यार्डांवर थांबला, म्हणजे ५,४०३ यार्ड मागे. एवढी दरी पाहिली की ‘टिकून राहिला म्हणून’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

आता राइसची कारकीर्द १९९५ च्या हंगामाअखेर कापून टाका. तो तेव्हा ३३ वर्षांचा होता आणि अकरा हंगाम खेळला होता. तेवढ्यातच त्याचे १५,१२३ यार्ड आणि १४६ टचडाउन झाले होते. मॉसची सगळी कारकीर्द धरली तर १५,२९२ यार्ड आणि १५६ टचडाउन होतात. म्हणजे पुढचे नऊ हंगाम राइस घरी बसला असता तरी तो या यादीत पहिल्या दोनांत असता. उरलेले ७,७७२ यार्ड हा वरचा हिशोब, आणि तोही काही फुकटचा नाही. २००२ मध्ये चाळिसाव्या वर्षी ऑकलंड रेडर्सकडून त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड केले. तिथे चेंडू फेकणारा ना मोंटाना होता ना यंग. होता रिच गॅनन.

क्वार्टरबॅकचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. राइसच्या सॅन फ्रान्सिस्को संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची आक्रमणाची पद्धतच अशी होती की आखूड पास ठरलेल्या पावलावर यायचा, रिसीव्हर धावत असतानाच चेंडू हातात पडायचा आणि पुढचे यार्ड पायांनी मिळवायचे. राइसला ते मानवलं. पण त्याच संघात, त्याच क्वार्टरबॅकांकडून चेंडू घेणारे बाकीचे रिसीव्हरही होते आणि त्यांच्यापैकी कोणी त्याच्या जवळपास गेला नाही. १९९५ मध्ये यंग जखमी असताना एल्विस गर्बाकने काही सामने सांभाळले, तरी त्या हंगामात राइसने १,८४८ यार्ड केले आणि तो विक्रम २०१२ पर्यंत टिकला.

आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा हंगाम १९८७ चा. खेळाडूंच्या संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, आणि त्यात झेलांवर २२ टचडाउन. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या माइक क्विकचे होते ११. पुढे मॉसने २००७ मध्ये २३ करून आकडा मोडला, पण त्याला सोळा सामने लागले.

प्रश्न : कॅल्व्हिन जॉन्सन यादीत नाही, हे वाचून मासिक मिटून ठेवलं. सामन्यामागे यार्ड काढा आणि मग बोला. (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया, याच आशयाची आणखी पत्रं)

काढले. जॉन्सनचे १३५ सामन्यांत ११,६१९ यार्ड, म्हणजे सामन्यामागे ८६.१. राइसचे ३०३ सामन्यांत ७५.६, ओवेन्सचे ७२.८, मॉसचे ७०.१. इथवर तुमचं बरोबर.

पण ही तुलना एका बाजूला झुकलेली आहे. जॉन्सन तिशीतच, नऊ हंगामांनंतर निवृत्त झाला. उतार लागायच्या आत थांबणाऱ्या खेळाडूची सरासरी कधी घसरत नाही. राइसला त्याच मापाने मोजायचं तर त्याचे पहिले अकरा हंगाम घ्यायला हवेत : १७२ सामने, १५,१२३ यार्ड, सामन्यामागे ८७.९. सरासरीने वाद घालायचा असेल तर दोघांच्या कारकिर्दीचा सारखाच टप्पा घ्या, नाहीतर जो लवकर थांबला तो आपोआप जिंकतो.

जॉन्सनची खरी ताकद तीन वर्षांच्या शिखरात आहे, आणि तुमच्या पत्रात नेमका तोच मुद्दा राहून गेला. २०११ ते २०१३ या काळात त्याने ४६ सामन्यांत ५,१३७ यार्ड केले, सामन्यामागे जवळजवळ ११२. राइसची सर्वोत्तम सलग तीन वर्षं, १९९३ ते १९९५, सामन्यामागे १०१ वर येतात. तरी दोन गोष्टी वजा कराव्या लागतात. एक, २०१२ मध्ये जॉन्सनच्या डेट्रॉइट संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डने ७२७ पास टाकले, आणि तो तेव्हाचा विक्रम होता. संघ ४ विजय आणि १२ पराभवांवर गेला; सतत मागे असलेला संघ सतत फेकत राहतो. दोन, त्या वर्षी १,९६४ यार्डांबरोबर जॉन्सनचे टचडाउन फक्त पाच. गोलरेषेच्या तोंडाशी तो कितीदा तरी अडवला गेला. तीन वर्षांत मिळून ३३ टचडाउन. राइसचे त्या तीन वर्षांत ४३.

‘तीन वर्षांसाठी एक रिसीव्हर निवडा’ असा प्रश्न असता तर आम्ही राइसनंतर लगेच जॉन्सनचं नाव घेतलं असतं, मॉसच्याही आधी. आमचा प्रश्न संपूर्ण कारकिर्दीचा होता. तिथे तो सहावा आहे, आणि फिट्झजेराल्डच्या इतका जवळ की कोणी अदलाबदल केली तर आम्ही हुज्जत घालणार नाही.

प्रश्न : डॉन हटसन १९३५ ते १९४५ खेळला. त्या वेळचे बचावपटू आजच्या शाळकरी मुलांइतकेही वेगवान नसतील. त्याला तिसरा नंबर म्हणजे इतिहासाचं लाड करणं नाही का? (ठाणे)

ग्रीन बे पॅकर्सच्या हटसनचे आकडे नुसते ठेवले तर आज किरकोळ दिसतात : ११६ सामने, ४८८ झेल, ७,९९१ यार्ड, ९९ टचडाउन. पण क्रिकेटमध्ये जुन्या फलंदाजाची सरासरी आपण त्याच्या बरोबरीच्या फलंदाजांशी ताडून बघतो, तसंच इथे करायचं. टचडाउनमध्ये तो नऊ हंगामांत लीगमध्ये पहिला होता आणि यार्डांत सात हंगामांत. १९४२ मध्ये अकरा सामन्यांत ७४ झेल, १,२११ यार्ड, १७ टचडाउन. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू झेलांत आणि यार्डांत त्याच्या निम्म्यावरही नव्हता. (बरोबर साठ वर्षांनी चाळिशीतल्या राइसनेही नेमके १,२११ यार्ड केले. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.) त्याचा ९९ टचडाउनचा विक्रम मोडायला १९८९ उजाडलं. तो सिअॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने मोडला, अवघ्या एकाने.

तुमचा आक्षेप वेगापेक्षा दुसऱ्या दोन बाजूंनी जास्त भारी पडतो. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, म्हणजे हटसनची स्पर्धा मुळातच अर्धवट होती. आणि १९४२ पासून अनेक खेळाडू युद्धावर गेले होते. त्याचे सर्वांत फुगलेले आकडे याच काळातले आहेत. याच दोन कारणांमुळे तो आमच्याकडे तिसरा आहे. नाहीतर समकालीनांवरच्या वर्चस्वाच्या जोरावर त्याचा दावा पहिल्या जागेवर होता. हेही लक्षात घ्या की त्या काळी खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत आणि हटसन किकही मारत असे. १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामन्याच्या एका पाव भागात त्याने एकट्याने २९ गुण केले : चार टचडाउन झेल आणि पाच जादा गुणांच्या किक.

काळ बदलला की आकडा कसा बदलतो ते ‘हजार यार्डांच्या हंगामा’वरून दिसतं. १९७७ पर्यंत हंगाम १४ सामन्यांचा होता, म्हणजे हजारासाठी सामन्यामागे ७१.४ यार्ड लागत. १९७८ पासून १६ सामने, ६२.५ यार्ड. २०२१ पासून १७ सामने, ५८.८ यार्ड. त्यात १९७८ मध्येच नियम आला की पाच यार्डांपुढे बचावपटूने रिसीव्हरला धक्के मारायचे नाहीत, आणि २००४ पासून पंचांनी तो कडकपणे लावायला सुरुवात केली. आजच्या हजार यार्डांना १९७५ च्या हजाराचा भाव देऊ नका.

प्रश्न : सामने नुकतेच बघायला लागलो. सगळेच बाजूला उभे राहून पळतात. मग एक्स, झेड आणि स्लॉट असं का म्हणतात, आणि क्रमवारीत त्याचा काय संबंध? (नागपूर)

आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान सात खेळाडू चेंडूच्या रेषेवर असावे लागतात. बाहेरच्या बाजूचा जो रिसीव्हर रेषेवर उभा राहतो तो एक्स. त्याच्या नाकासमोर कॉर्नरबॅक (बाहेरच्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) उभा राहून पहिल्या पावलालाच छातीवर हात देऊ शकतो. दुसऱ्या बाजूचा झेड एक पाऊल मागे असतो, त्याला चेंडू सुटण्याआधी आडवं सरकता येतं, त्यामुळे त्याला धक्का देणं अवघड. स्लॉट आतल्या बाजूला, लाइनमन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. त्याला डावी-उजवी दोन्हीकडे वळायला जागा असते आणि समोर बहुधा संघाचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक नसतो.

म्हणून झेलांची संख्या बघून एक्स आणि स्लॉट एकाच रांगेत बसवू नका. २०२१ मध्ये रॅम्सच्या कूपर कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन केले. तो हंगाम अप्रतिमच होता. पण त्याची पुष्कळ कमाई आतल्या बाजूने, सरकत सरकत सुरू केलेल्या रूटवर (पळण्याच्या ठरलेल्या वाटेवर) होती. न्यू ऑर्लीन्सच्या मायकेल थॉमसच्या नावावर एका हंगामातल्या झेलांचा विक्रम आहे, २०१९ चे १४९, पण झेलामागे यार्ड ११.६. याउलट अटलांटाचा हूलिओ जोन्स बाहेर उभा राहून, दोन-दोन बचावपटू अंगावर घेऊन कारकिर्दीत सामन्यामागे ८२.५ यार्ड करून गेला.

प्रश्न : हूलिओ जोन्सचे टचडाउन इतके कमी का? ६६ टचडाउनवाल्याला महान म्हणायचं? (सोलापूर)

म्हणायचं. टचडाउन हा रिसीव्हरच्या आकड्यांत सर्वांत लहरी आकडा आहे. गोलरेषेपासून पाच यार्डांवर संघ धावपटूकडे चेंडू देतो की उंच टाइट एंडकडे (लाइनच्या टोकाला उभा राहून झेलही घेणाऱ्या खेळाडूकडे) फेकतो, हे प्रशिक्षक ठरवतात. एका वर्षी पंधरा आणि पुढच्या वर्षी सहा, असं चांगल्या रिसीव्हरांचंही होतं. १३,७०३ यार्ड करणाऱ्या जोन्सने २०१६ मध्ये कॅरोलायनाविरुद्ध एका सामन्यात ३०० यार्ड केले, त्यातही टचडाउन एकच. आमच्या तोलकाट्यात यार्डांना टचडाउनपेक्षा वजन जास्त आहे. फँटसी खेळणाऱ्यांना हे पटत नाही, कारण तिथे एका टचडाउनचे सहा गुण म्हणजे साठ यार्ड. तो हिशोब खेळाच्या सोयीसाठी आहे, खेळाडू मोजण्यासाठी नाही.

प्रश्न : ओवेन्सचे झेल आणि यार्ड मॉसपेक्षा जास्त. मॉस कधीही यार्डांत लीगमध्ये पहिला आला नाही. मग दुसरा कसा? (ऑस्टिन, टेक्सस)

दोन्ही माहिती बरोबर. तरीही मॉस. कारण त्याचा परिणाम त्याच्या स्वतःच्या रकान्यात मावत नाही. १९९८ मध्ये मिनेसोटात तो नवखा म्हणून आला, १७ टचडाउन केले, आणि संघाने ५५६ गुण करून लीगचा विक्रम केला. २००७ मध्ये तो न्यू इंग्लंडला गेला, २३ टचडाउन केले, आणि त्या संघाने ५८९ गुण करून तो विक्रम मोडला. मॉस मैदानावर असला की एक सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पंचवीस-तीस यार्ड मागे जाऊन उभा राहायचा, म्हणजे मधल्या भागात इतरांसाठी एक बचावपटू कमी. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) त्याच गटातल्या ग्रीन बेने पहिल्या तिन्ही निवडी कॉर्नर आणि सेफ्टी घेण्यात घालवल्या. एका रिसीव्हरमुळे शेजारचा संघ आपली खरेदी बदलतो, याहून बोलका पुरावा आम्हाला माहीत नाही. टचडाउनमध्येही तो पाच हंगामांत लीगमध्ये पहिला किंवा बरोबरीने पहिला होता; ओवेन्स तीन.

ओवेन्सच्या बाजूने सांगायचं तर ३९ व्या सुपर बोलमध्ये पायाच्या शस्त्रक्रियेनंतर सात आठवड्यांच्या आत उतरून त्याने ९ झेल आणि १२२ यार्ड केले. त्याच्या विरोधात हातातून सुटलेले सोपे झेल.

प्रश्न : जस्टिन जेफरसन की जमार चेस? एकाचंच नाव द्या, ‘दोघेही चांगले’ नको. (मिनियापोलिस)

जेफरसन.

कारणं अशी. पहिल्या पाच हंगामांत त्याचे ७,४३२ यार्ड. पहिल्या पाच वर्षांत एवढे कोणीच केले नव्हते. सामन्यामागे ९६.५. चेसचे चार हंगामांत ५,४२५, सामन्यामागे ८७.५. झेल दोघांचे सामन्यामागे जवळजवळ सारखे, ६.४ च्या आसपास. म्हणजे फरक झेलांच्या लांबीचा आहे : जेफरसन झेलामागे १५ यार्ड, चेस १३.७. शिवाय चेसला बहुतेक वेळ जो बरो हा एकच क्वार्टरबॅक मिळाला. जेफरसनने कर्क कझिन्स, मग २०२३ मध्ये दुखापतीमुळे बदलत राहिलेले क्वार्टरबॅक आणि २०२४ मध्ये सॅम डार्नल्ड अशा वेगवेगळ्या हातांचे पास झेलले, आणि २०२४ मध्येही १,५३३ यार्ड केले.

चेसचा सर्वोत्तम हंगाम मात्र जेफरसनच्या सर्वोत्तम हंगामाला तोडीस तोड आहे, कदाचित सरसही. २०२४ मध्ये १२७ झेल, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन, आणि तिन्हींत लीगमध्ये पहिला. १९७० पासून हे फक्त पाच जणांना जमलं : राइस १९९०, स्टर्लिंग शार्प १९९२, स्टीव्ह स्मिथ २००५, कप २०२१ आणि चेस. चेसची खासियत झेलानंतर. पाच यार्डांचा पास घेऊन तो पहिला हात झटकतो आणि सत्तर यार्ड पळतो. जेफरसनची खासियत झेलाआधी : खांदे आणि कंबर एकीकडे दाखवून पाय दुसरीकडे. बफेलोत नोव्हेंबर २०२२ मध्ये चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) १८ यार्ड हवे असताना त्याने एका हाताने ओढून घेतलेला चेंडू सगळ्यांना आठवतो. पण आम्ही त्याला निवडतो ते त्या झेलासाठी नाही, दर आठवड्याला पंधरा यार्डांवरच्या आत वळणाऱ्या रूटसाठी.

प्रश्न : स्वतःची क्रमवारी करायची आहे. कोणते आकडे घेऊ, आणि चूक कुठे होते? (बंगळुरू)

आधी प्रश्न एका ओळीत लिहा : संपूर्ण कारकीर्द, सर्वोत्तम पाच वर्षं, की आज कोण? बहुतेक वाद इथेच फसतात. एक जण शिखराबद्दल बोलतो, दुसरा बेरजेबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरचा अडाणी आहे.

आजच्या खेळाडूंसाठी सर्वांत उपयोगी आकडा रूटमागे यार्ड. खेळाडूने पास झेलण्यासाठी जितके रूट पळले त्याने त्याचे यार्ड भागायचे. समजा ५०० रूट आणि १,१०० यार्ड, तर २.२. दोनच्या वर चांगला, अडीचच्या वर लीगमधले मोजकेच. यात संघ किती पास टाकतो हा घोळ बऱ्यापैकी निघून जातो. मात्र दोनशेपेक्षा कमी रूट असतील तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. दोन लांब झेल मिळाले की बदली खेळाडूही पहिल्या दहात दिसतो.

दुसरा आकडा, संघाच्या पासांतला वाटा. संघाचे ५६० पास आणि त्यातले १४० याच्याकडे, तर २५ टक्के. तीस टक्क्यांच्या वर गेला तर तो संघाचं आक्रमण चालवतो आहे असं समजा. याला जोडून क्वार्टरबॅक बघा. २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या डिआंद्रे हॉपकिन्सने चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांच्या पासांवर १,५२१ यार्ड केले. असा हंगाम आमच्या वहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा वर चढतो.

फसवे आकडे दोन. झेलण्याची टक्केवारी एकटी घेऊ नका. सहा यार्डांवर झेलणारा ७५ टक्के करील आणि सोळा यार्डांवर झेलणारा ५८, आणि दुसरा जास्त मोलाचा असू शकतो. पासांची सरासरी लांबी शेजारी लिहा. तसंच बचावपटूपासूनचं अंतर. खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून ते मोजतात, पण ते चेंडू पोचतो त्या क्षणाचं असतं. सरळ रेषेत खोल पळणाऱ्याचं अंतर कमी दिसतं, आखूड रूटवाल्याचं जास्त. सुटलेल्या झेलांची नोंद तर मोजणाऱ्याच्या मतावर आहे. दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा सगळ्या खेळाडूंसाठी एकच स्रोत वापरा.

इतिहासातले खेळाडू घेतलेत तर रूट मोजलेले नाहीत आणि खेळाडूकडे किती पास टाकले याची नोंदही १९९२ पासूनच सापडते. तिथे आम्ही असं वजन देतो : सर्वोत्तम पाच हंगाम ४०, समकालीनांशी तुलना २५, कारकिर्दीची बेरीज २५, बाद फेरी १०. बाद फेरीला फक्त दहा, कारण सामने थोडे आणि ते मिळणं संघाच्या हाती. जॉन्सनला कारकिर्दीत असे दोनच मिळाले; न्यू ऑर्लीन्सविरुद्ध त्याने १२ झेल, २११ यार्ड केले आणि तरी संघ हरला. फिट्झजेराल्ड मात्र या दहा गुणांत जवळजवळ पैकीच्या पैकी घेतो : नऊ सामने, ९४२ यार्ड, १० टचडाउन. जॉन्सन आणि तो यांच्यातला निकाल इथेच लागला.

आणि सामना टीव्हीवर बघून मत बनवू नका. कॅमेरा चेंडू फेकणाऱ्यावर असतो, रिसीव्हर दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातो. ‘ऑल-ट्वेंटी-टू’ म्हणतात ते उंचावरून घेतलेलं चित्रण मिळालं तर एका रिसीव्हरवर नजर ठेवून, चेंडू त्याच्याकडे येवो न येवो, तीस डाव बघा. कोण मोकळा होतो आणि कोणाला फक्त चेंडू मिळतो, हा फरक तिथे दिसतो.

प्रश्न : चाळीस यार्डांची धाव कितपत महत्त्वाची? (नाशिक)

सीमारेषेइतकी. खूप हळू असलात तर अडचण, पुरेसे वेगवान असलात तर पुढचा दशांश फारसं सांगत नाही. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला, सिनसिनाटीने त्याला नववा निवडला, आणि एकाही हंगामात तो हजार यार्डांपर्यंत पोचला नाही. कप ४.६२ चा. अँक्वान बोल्डिन ४.७ च्या आसपासचा, त्याने २००३ मध्ये पहिल्याच सामन्यात २१७ यार्ड केले. पूका नाकुआ तर पाचव्या फेरीत, १७७ वा निवडला गेला आणि २०२३ मध्ये नवख्याच्या झेलांचा आणि यार्डांचा तेव्हाचा विक्रम करून बसला : १०५ आणि १,४८६.

प्रश्न : आमच्या गटात फ्लॅग फुटबॉल सुरू झालं आहे. या मोठ्या खेळाडूंकडून आम्ही घ्यावं असं काय? (पुणे)

फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, पाच-पाच खेळाडूंचं. अंगाला धक्का नाही, त्यामुळे एक्स रिसीव्हरची कुस्ती तुम्हाला शिकायची गरज नाही. राइस आणि जेफरसन यांच्याकडून घ्यायचं ते वळण.

स्लँटपासून, म्हणजे तिरकं आत वळणाऱ्या रूटपासून, सुरुवात करा. उभं राहताना चेंडूच्या बाजूचा पाय पुढे, वजन त्याच पायाच्या चवड्यावर. पहिलं पाऊल बाहेरच्या पायाचं, दुसरं आतल्याचं, तिसरं पुन्हा बाहेरच्याचं. तिसरं पाऊल रोवून ४५ अंशांत आत. रोवलेला पाय शरीराच्या रेषेबाहेर पडला पाहिजे. तो अंगाखालीच पडला तर वळण गोल होतं, आणि गोल वळणात बचावपटू तुमच्या आधी चेंडूपाशी पोचतो. दुसरी चूक वळायच्या आधी ताठ उभं राहण्याची : छाती वर आली की समोरच्याला कळतं. दहा यार्डांवर बाहेर वळणाऱ्या रूटमध्ये शेवटच्या तीन पावलांत कंबर खाली घ्या, हात मात्र पळतानाच्याच लयीत हलू द्या. तिसरी चूक डोकं आधी फिरवण्याची. पाय वळला की मग डोकं, आणि ते झटक्यात.

झेल छातीच्या वर असेल तर अंगठे एकमेकांकडे, कमरेखाली असेल तर करंगळ्या एकमेकींकडे. चेंडू छातीवर आपटू देऊ नका. हात पुढे करून घ्या, नजरेने हातात येईपर्यंत सोबत करा आणि मगच पळा. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक बाजूला दहा स्लँट आणि दहा बाहेरचे रूट एवढं पुरे. थकल्यावर काढलेली वळणं चुकीचीच पक्की होतात.

प्रश्न : डेझ ब्रायंटचा झेल आजच्या नियमाने झेल ठरला असता का? (डॅलस, अर्थातच)

अकरा जानेवारी २०१५, ग्रीन बे, बाद फेरीचा सामना. चौथ्या डाउनला ब्रायंटने गोलरेषेजवळ चेंडू पकडला, पडताना चेंडू जमिनीला लागून हलला, आणि झेल रद्द झाला. डॅलस २१–२६ हरलं. तेव्हाचा नियम असा की पडत असलेल्या खेळाडूने जमिनीवर आदळल्यानंतरही चेंडू पक्का धरून ठेवला पाहिजे. कॅल्व्हिन जॉन्सनचा २०१० मधला शिकागोतला टचडाउनही याच नियमाने गेला.

२०१८ पासून तीन गोष्टी बघतात : चेंडूवर ताबा, मैदानात दोन पाय किंवा शरीराचा दुसरा भाग टेकणं, आणि त्यानंतर तिसरं पाऊल किंवा चेंडू पुढे ताणण्यासारखी एखादी कृती, किंवा ती करता येईल इतका वेळ. ब्रायंटने ताबा घेतला, पावलं टाकली आणि चेंडू गोलरेषेकडे ताणला. आज तो झेल आहे. पण जुन्या सामन्यांचे निकाल आणि आकडे बदलत नाहीत, त्यामुळे ब्रायंटच्या आणि जॉन्सनच्या रकान्यात तुम्ही ते मनातल्या मनातच मिळवू शकता.